पाठमोरे

रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी फोन थरथरला.
पडद्यावर आलेख आडवा झोपलेला,
मग एकदम ताठ उठून बसलेला,
अकरा सेकंद,
आणि पुन्हा आडवा.

कुलाब्याच्या टोकाला, संस्थेच्या चौथ्या मजल्यावर,
खिडकीत आभाळ आहे म्हणायला.
बंदराच्या दिव्यांनी ते पातळ कढीच्या रंगाचं.
इथं लागून एकोणीस वर्षं झाली;
तारे मी पाहिले ते रजेवर असताना.

गॅमा किरणांना आमच्या खिडकीशी देणंघेणं नाही.
ते वर उपग्रहातल्या पेटीवर आदळले,
टँटलमच्या जाळीतून,
जिच्या भोकांचे काठ खालच्या वर्कशॉपमध्ये
इनास डाबऱ्यांनी बारीक कानशीनं मोडले होते,
एकेक, भिंगाखाली,
दाराकडे पाठ करून.

लडाखमध्ये स्टॅन्झिनला उठवलं.
ढग?
नाही. वारा आहे.
दुर्बीण वळायला चार मिनिटं लागतात.
त्या चार मिनिटांत माणूस देव मानतो की नाही, ते कळतं.

ठिपका होता. परवा नसलेला.

दीडशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला.
ही मुंबई ज्यावर बसली आहे
तो काळा पाषाणसुद्धा तेव्हा ओतला जायचा होता,
आणि डोळा ही कल्पनाच
कुणाला सुचलेली नव्हती.

सूर्याच्या तीसपट तारा.
गाभ्यातलं जळण संपलं,
स्वतःच्याच अंगावर कोसळला,
आणि दोन दिशांना दोन झोत सुटले, अरुंद.
त्यातल्या एकाच्या वाटेत आपण.
यात आपलं कर्तृत्व शून्य.
असे शेकडो मरतात तेव्हा एखादा
आपल्याकडे तोंड करून मरतो.
बाकीचे पाठमोरे.
त्यांच्यासाठी कुणाचा फोन थरथरत नाही.

चौथ्या दिवशी फलकावर कागद दिसला:
माजी कर्मचारी श्री. इनास डाबरे, आगाशी.
तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.
उशिरा पोचलेली बातमी, उशिरा पोचलेला उजेड.
उपमा तयारच होती, नुसती उचलायची.
नाही उचलली.
डाबऱ्यांना बाराशे चौकोनी भोकं सारखी जमायची,
आणि मला त्यांची पाठ तेवढी आठवत होती,
घामाचा त्रिकोण,
खाकी एप्रनची गाठ.

ठिपका उतरत गेला: एकोणीस, वीस, एकवीस.
आमच्यात आकडा चढला की उजेड उतरतो.
तेराव्या दिवशी आलेखाला हलकं पोट आलं.
सुपरनोव्हा.
निकेलचा कोबाल्ट होतो, कोबाल्टचं लोखंड,
आणि त्या होण्यातच काही दिवस उजेड असतो.
तुमच्या रक्तातलं लोखंड ताऱ्यातलं बरं का,
हे वाक्य मी शाळाशाळांतून इतक्यांदा बोलले आहे
की आता ते मला गंजलेलं लागतं.

त्याच दुपारी त्यांची मुलगी आली, ॲग्नेला,
बापाचं भिंग न्यायला.
सोबत सुकेळीचं पुडकं, केळीच्या सोपटात बांधलेलं.
तेराव्याला गोड करतात आमच्याकडे,
हे तिला सांगितलं नाही.
खाल्लं.

पपा इथं नेमकं काय करायचे?
मी तिला अकरा सेकंद दाखवले.
हे त्यांच्या जाळीतून आले, म्हटलं.
तिनं बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाली,
झोत दोन होते म्हणालात.
दुसरा कुणीकडे गेला?

उलट दिशेला.

तिथं कुणी असेल?

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला
एकाही परीक्षकानं विचारला नव्हता.
तिनं भिंग रुमालात गुंडाळलं.
त्याच्या कडेला अजून मशीनचं तेल होतं,
रुमालाला लागलं.

निबंधावर एकतीस नावं आहेत. त्यांचं नाही.
संध्याकाळी मी नोंद धाडली:
स्रोत मंदावत आहे. निरीक्षणं चालू.
आणि उठताना खुर्ची फिरवली,
दाराकडे पाठ होईल अशी,
थोडा वेळ तशीच बसले.